ओला रंग

जखमींना उतरवायला लावलेली शिडी आत्ता कुठे मोकळी झाली होती. कंपनीच्या साहेबांनी पेंटरला ती उचलून विमानाच्या शेपटाला लावायला सांगितली.

"आधी शेपटावरचं चिन्ह, मग अंगावरचं नाव. कॅमेरेवाले पोचायच्या आत सगळं पांढरं दिसलं पाहिजे."

धावपट्टी संपली तरी विमान थांबलं नव्हतं. कुंपणाची भिंत फोडून ते रस्त्यावर आलं होतं आणि चाकं मोडून पोटावर बसलं होतं. आतली माणसं गाड्यांत घालून नेली होती. किती नेली, कुठे नेली, त्यातली बोलणारी किती, हे कंपनी सांगत नव्हती. नाव वाचवायचं तर ते आधी झाकावं लागतं, एवढी अक्कल मात्र कंपनीला होती.

पेंटरने शेपूट उरकलं आणि शिडी अंगाला लावून घेतली. लाल अक्षरं खिडक्यांच्या वरून सुरू होऊन पार पोटापर्यंत उतरली होती. तो रोलर फिरवू लागला. त्याचा जोडीदार लंबू खाली शिडी धरून उभा होता.

"ह्याचं हे कितवं सासर रे?" लंबूने विचारलं.

"चौथं. पहिल्यांदा निळं होतं. तो मालक बुडाला. मग दोन वर्षं माळावर उभं, खिडक्यांना कागद चिकटवून. मग हिरवं झालं. तिथे म्हातारं म्हणून खुर्च्या काढल्या आणि तिसऱ्याने ह्याच्यातून कोंबड्यांची पिल्लं नेली."

"कोंबड्यांची?"

"खोकीच्या खोकी. वास जाईना म्हणून महिनाभर दारं उघडी टाकली होती. मग आपल्या साहेबांनी घेतलं. खुर्च्या परत ठोकल्या, मी लाल मारला आणि जाहिरात आली, नवं कोरं विमान."

"आणि ब्रेक?"

"ब्रेकला कुठे रंग मारतात."

लंबू हसला. मग शिडीची पायरी हाताला रक्ताने चिकट लागली आणि तो हसायचा थांबला.

गर्दीतून एक बाई पुढे आली. पायात घरातल्या चपला, हातात फोन. तिने विमान शेपटापासून नाकापर्यंत नीट पाहिलं, बाजारात वस्तू पारखावी तसं.

"हे कोणत्या कंपनीचं?" तिने साहेबांना विचारलं.

"अजून कळलेलं नाही. मागे व्हा, बाई."

"माझी लेक लाल कंपनीत आहे. विमानात लोकांना चहापाणी बघते. ह्याच वेळेला उतरते ती. फोन लागत नाहीये."

"ह्या वेळेला दोन विमानं उतरतात. दोन वेगळ्या कंपन्यांची." साहेबांनी पांढऱ्या अंगाकडे बोट केलं. "इथे लाल काही दिसतंय का तुम्हाला?"

बाईने पुन्हा पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. तिचे खांदे सैल पडले. "मग घरी जाते मी. पोरगी दमून येईल आणि दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडेच आहे."

"जा. तेच बरं."

ती वळली. पेंटर शिडीवरून खाली उतरला.

"ताई," तो म्हणाला, "इकडून जवळ पडेल. फक्त विमानाला हात लावू नका. रंग ओला आहे."

साहेबांनी मान झटकन वळवली. बाई जागच्या जागी थांबली.

"आत्ता? आत्ता कोण रंगवतं?"

पेंटरने शिडी उचलून बाजूला घेतली. बाई उभी राहील एवढी जागा झाली.

"ए, काय चाललंय?" साहेब म्हणाले.

बाई आली. तिने उघडा पंजा विमानाच्या अंगावर टेकवला आणि खाली ओढला. पांढऱ्याखालून चार बोटं लाल निघालं.

ती त्या लालकडे बघत राहिली.

"तिच्या गळ्यातला रुमाल," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "रोज मीच इस्त्री करते. हाच लाल."

मग ती साहेबांकडे वळलीच नाही. पेंटरला म्हणाली, "कुठे नेलंय?"

"पुलापलीकडचा मोठा दवाखाना," लंबूच बोलला. "चालत नका जाऊ. थांबा, गाडी अडवतो." आणि तो रस्त्याकडे पळाला.

बाई त्याच्या मागे गेली. फोन, किल्ली, कपाळावरचे केस, जिथे जिथे तिचा हात लागला तिथे पांढरं झालं.

कॅमेरेवाल्यांची गाडी वळणावर दिसू लागली होती. विमानाच्या पोटावरचे चार लाल फराटे तिथूनही दिसले असते.

"बघतोस काय? तेवढ्यावर पटकन रोलर फिरव," साहेब म्हणाले. "तुझं नंतर बघतो."

पेंटरने अर्ध्या भरलेल्या डब्यावर झाकण ठोकून बसवलं आणि त्यावर बूड टेकलं.

"रंग संपला, साहेब."