कानातले खडे

आत वजन निर्माण व्हावं म्हणून अंतराळस्थानक पहिल्यांदाच स्वतःभोवती फिरू लागलं, तेव्हा मृण्मयीने आर्द्राला घट्ट पोटाशी धरलं होतं. सहा वर्षांची आर्द्रा इथेच जन्मली होती आणि तरंगतच वाढली होती.

"आपल्या कानात वाळूहून बारीक खडे असतात," डॉक्टर बिवलकरांनी आधीच सांगितलं होतं. "वजनाने ते कलतात, म्हणून मेंदूला खाली कुठे ते कळतं. हिचे कधी कललेच नाहीत. मेंदूला ती खूण समजली नाही, तर हिला पृथ्वीवर नेता येणार नाही."

वजन हळूहळू वाढलं. आर्द्राला गरगरलं, उलटी झाली. तिने डोळे गच्च मिटले. मग एकदम शांत झाली.

"आई, मला कुणीतरी ओढतंय."

"कुठे गं?"

डोळे न उघडताच आर्द्राने बोट बरोबर पायांखालच्या जमिनीकडे केलं.

मृण्मयीच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळलं. आजवर इथे वजन नसल्याने ते डोळ्यांपाशीच साचून राहायचं. आर्द्राने डोळे उघडले, त्या थेंबामागे बोट फिरवत नेलं आणि हळूच म्हणाली,

"यालाही वाट माहीत आहे."