मागच्या वेळेबद्दल
स्वादुपिंडाच्या सुजेने ओडवार आजोबांच्या पोटातली धमनी फुटली, तेव्हा ट्रोम्सोच्या इस्पितळात डॉक्टर इंगुनने जांघेतून नळी घालून फुटलेल्या जागेकडे रक्त येण्याची पुढची वाट तारेच्या वेटोळ्याने बुजवली. मागून येणारी वाट मोकळीच राहिली. तिसऱ्या दिवशी तिकडून रक्त वाहू लागलं. पुन्हा टेबलावर घेतलेल्या आजोबांसमोर तिची मान वर होईना. त्या देशात जेवून गेलेला पाहुणा पुढच्या भेटीत यजमानाला म्हणतो, तसं आजोबाच म्हणाले, “पोरी, मागच्या वेळेबद्दल आभार.” “आभार कसले, आजोबा? माझंच चुकलं.” “तीन दिवस दिलेस ना? बारा वर्षांचा अबोला मोडून भावाशी बोललो. गाढव माझ्याहून हट्टी.” इंगुनला हसू आलं, आणि तिने पुन्हा नळी घातली. या खेपेला दोन्ही वाटा बुजल्या, रक्त थांबलं. नळी काढल्यावर छिद्रातून रक्त येऊ नये म्हणून जांघेवर दाब धरायला परिचारिका पुढे झाली. “मी धरते,” इंगुन म्हणाली, आणि पंधरा मिनिटं दाब धरून देवाचं नाव घेत राहिली.