दुसरं मत

“डॉक्टरांनी दुखतं का विचारलं, तर नाही म्हणायचं. कळलं?” स्कूटर स्टँडला लावताना निनादने सहा वर्षांच्या मैथिलीला बजावलं. कालच्या दातांच्या डॉक्टरने काढलेला एक्स-रे त्याने मुद्दाम डिकीतच ठेवला.

आज ना उद्या पडणाऱ्या दुधाच्या दाढेला म्हणे रूट कॅनल! आपण काय इतके दुधखुळे आहोत? आपण काहीच सांगायचं नाही. मग ही दुसरी डॉक्टर स्वतःहून काय शोधून काढते, ते बघू. आत शिरताच भिंतीवर कालच्याच दवाखान्यातलं टूथपेस्टचं कॅलेंडर दिसलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे ही बाईसुद्धा त्यांच्यातलीच!

मैथिली खुर्चीत आडवी झाली आणि तिने बाबाचं बोट धरलं. डॉक्टरबाईंनी छोट्या आरशातून दाढ न्याहाळली.

“कीड बरीच खोल गेलेली दिसतेय. झोपेतून रडत उठते का?”

“छे! मस्त झोपते,” निनाद म्हणाला. काल पहाटेपर्यंत तो तिच्या गालाला हात लावून बसला होता. पण ते सांगितलं असतं, तर बाईंना आयतंच निमित्त मिळालं असतं.

बाईंनी दाढेवर हलकेच टकटक केलं. “इथे दुखतं का गं, बाळा?”

“नाही,” मैथिली म्हणाली.

तिची नखं निनादच्या बोटात रुतली. मग पाण्याने डबडबलेले डोळे त्याच्याकडे वळवून तिने हळूच विचारलं,

“बाबा, बरोबर सांगितलं ना?”