कालीबाईची माफी

चुकले म्हणायचं, पंचांच्या पायावर डोकं टेकायचं, की झालं. रूपचंद आईला पुन्हा पुन्हा समजावत होता आणि कालीबाई मान खाली घालून लसूण सोलत होती. त्याच्या लेकीचं लग्न होळीनंतर ठरलं होतं. पंचांनी बजावलं होतं, म्हातारीला मांडवात आणायचं तर आधी तिने गावाची माफी मागायची. नाहीतर तुझ्या दारात काळं कुत्रंही फिरकणार नाही.

माफी कशाची? तर डाकीण असल्याची! रूपचंद झोळीत होता तेव्हा गावात तापाने पोरं दगावली. भगताने दाणे पाहिले आणि नाव काढलं कालीबाईचं. सख्ख्या दिराने तिला झोडपत शिवेबाहेर काढलं, पोरगं ठेवून घेतलं. तेव्हापासून खापर गावच्या बाजारात लसूण-मिरची विकून ती जगली. मोठा झाल्यावर रूपचंदच तिला शोधत आला. तिने कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. दिराचं चिंतलं होतं. पण तो मेला पिकल्या पानासारखा, नातवंडांच्या गराड्यात.

नातीला हळद लावायची तिला फार हौस होती. पोटच्या पोराचं काही करता आलं नाही, निदान त्याच्या पोरीचं तरी. अडला हरी गाढवाचे पाय धरी. चुकले म्हणायला जीभ झिजत नाही, असं तिने ठरवूनही टाकलं होतं.

शेजारची नर्स चेतना तिथेच चहा पीत बसली होती. तिने मोबाइलवर वाचलेली बातमी सांगितली. इंग्लंडच्या वरच्या अंगाला स्कॉटलंड म्हणून देश आहे. तिथे तीन-चारशे वर्षांपूर्वी कितीतरी बायकांना डाकिणी ठरवून छळलं, गळे आवळून जाळलं. परवाच्या महिला दिनी तिथल्या सरकारच्या प्रमुख बाईंनी भर सभागृहात त्याबद्दल माफी मागितली.

माफी बायकांनी मागितली की सरकारने, हे कालीबाईने खोदून खोदून विचारलं. मग म्हणाली, "आन् त्या बायास्नी आयकी का?"

"त्या कुठून ऐकणार, आजी? त्यांची केव्हाच राख झाली."

कालीबाईला भडभडून आलं. ऐकायला एकसुद्धा उरली नव्हती. तिने पदराने डोळे पुसले आणि रूपचंदला म्हणाली, चल, उद्याच जाऊ. त्याचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी झाडून सारा गाव जमला. दिराचा मुलगा शांतीलाल आता पंचांत मोठा होता. त्याने पाय पुढे केले आणि बोल म्हणाला. कालीबाई वाकली नाही. लग्न हातचं जाईल, हे तिला कळत होतं. तरी ती त्याच्यासमोर ताठ उभी राहिली.

"मी जित्ती शे तवर माफी मांगी ल्या, भाऊ."