सुईआधी, सुईनंतर

एकनाथ बहिणीच्या दारात पोचला तेव्हा कमलाकांतच्या हातात वल्ह्याचा तुटका दांडा होता आणि वत्सला भिंतीशी बसून तळहातावर थुंकत होती. तळहातावर रक्त होतं, रक्तात दात होता. त्यांची सात वर्षांची मुलगी मुक्ता खाटेखाली अंग चोरून पडली होती.

एकनाथने दांडा हिसकावला आणि मेहुण्याच्या बरगडीत घातला. पुन्हा घातला. तिसरा वार खांद्यावर बसला तसा कमलाकांत कोसळला, पण माराने नाही. त्याचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस आला.

"आता थांब," वत्सला म्हणाली. रक्त पदराला पुसून तिने नवऱ्याला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली गोधडी सारली. हात सराईत होते.

दुसऱ्या दिवशी शिरगावात, बोंबील वाळवायच्या बांबूंपाशी पंच बसले. एकनाथ सालवडला राहायचा, बोईसरच्या कारखान्यात तयार माल तपासायचा. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. त्याने बहिणीच्या जखमा एकेक करून मोजल्या आणि काडीमोड मागितली.

कमलाकांतची आई हिरा शांतपणे बोलली. फिट दोन वर्षांपूर्वी सुरू झाल्या, हात उगारणंही तेव्हापासूनच. त्याआधी पोर देवमाणूस होता, वत्सलालाच विचारा. पालघरच्या डॉक्टरांना डोक्यात गाठ असल्याचा संशय आहे, मुंबईच्या नव्या यंत्रात ती दिसेल म्हणतात, असली तर पांढरी चमकेल.

वत्सलाला कुणी विचारलं नाही.

महादू पाटलांनी निवाडा दिला. "फोटोत गाठ दिसली तर ते दुखणं हाय. दुखणेकरी नवऱ्याला टाकता येत नाय, बाय. डोकं साफ निगालं तर मी सोता काडी मोडीन."

मुंबईला निघण्याआधी वत्सलाने देवीपुढे नारळ फोडला. काय मागितलं ते एकनाथने विचारलं नाही. कुंकूच मागितलं असणार. त्याला चीड आली.

इस्पितळात कमलाकांतला गुंगीचं औषध दिलं. तरी त्याने वॉर्डबॉयला लाथ घातलीच. पाय धरायला घरचं माणूस आत हवं, पण यंत्र म्हणजे मोठं लोहचुंबक, अंगावर धातू चालणार नाही. वत्सलाने बांगड्या आणि मंगळसूत्र काढून भावाच्या हातात दिलं. मंगळसूत्राखाली गळ्याच्या खळगीत बिडीच्या टोकाएवढे तीन डाग होते. परवाच्या जखमा काळ्यानिळ्या होत्या, हे पार पांढरे पडले होते.

"हे कवाचं?"

"मुक्ता पोटात व्हती तवाचं," ती म्हणाली आणि आत गेली.

एकनाथ मनात काही जुळवू लागला, तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला संगणकाच्या पडद्यापाशी बोलावलं.

पहिली चित्रं निघाली. अक्रोडाच्या गरासारखा राखाडी मेंदू, दोन्ही बाजू सारख्या. कुठे ठिपका नाही. एकनाथला हायसं वाटलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले की अजून सुई बाकी आहे. गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून द्यायचं. निरोगी मेंदू ते रक्तातून आत झिरपू देत नाही. गाठ असली तर ती मात्र ते शोषून घेते आणि उजळते.

सुई दिली. पुन्हा यंत्राचा ठोकाठोकीचा आवाज झाला. या वेळी कपाळामागे, मघाशी काहीच नव्हतं तिथे, चिंचोक्याएवढा पांढराशुभ्र गोळा उमटला. तो तिथेच होता. आसपासच्या मेंदूच्याच रंगाचा असल्याने लपला होता.

कमलाकांत बाकावर घोरत होता. डॉक्टरांनी भावाबहिणीला समजावून सांगितलं. कॅन्सर नाही, मेंदूच्या आवरणाला चिकटलेली साधी गाठ आहे, ऑपरेशनने मुळासकट निघेल. ठेवली तर वाढेल, फिट वाढतील. होडीवर एकदा फिट आली की माणूस समुद्रात गेलाच म्हणून समजा.

"आपरेशन झाल्यावर?" वत्सलाने विचारलं.

"अगदी पूर्वीसारखा होईल तो."

"पयल्यासारका?"

"अगदी पहिल्यासारखा."

तिने मान हलवली.

पाकिटात सहा फिल्म आणि एक रिपोर्ट होता. एकनाथने मोजून घेतल्या. सुईआधीच्या कुठल्या आणि नंतरच्या कुठल्या, असं वत्सलाने विचारलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. नंतरच्या तिन्हींवर कोपऱ्यात फुली होती, ती त्याने तिला बोट ठेवून दाखवली. तिने पाकीट पोटाशी धरलं ते शिरगाव येईपर्यंत सोडलं नाही. उतरताना एकनाथ म्हणाला, "तुला पायजे व्हतं तेच झालं."

रविवारी पुन्हा पंच बसले. हिराने मुलाला धुतलेला सदरा घालून आणलं होतं. इस्पितळात काय निघालं ते वत्सलाने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पाटील सांगतील, म्हणाली होती. आदल्या दिवशीच कमलाकांतने त्यावरून तिच्या पाठीत पाट घातला होता. ती वाकून बसली होती.

एकनाथ मागे उभा राहिला. आता बहीण जन्माची अडकली. कंबरेला त्याने कोयती खोचली होती. पंच उठले की काय करायचं ते त्याचं ठरलं होतं.

पाटलांनी पहिली फिल्म उन्हात धरली. पंचांनी माना वर केल्या. पांढरं काही नव्हतं. दुसरी धरली, नव्हतं. तिसरी धरली. एकनाथ पुढच्या फिल्मची वाट पाहत होता.

पाटलांनी पाकिटात हात घातला, मग ते उलटं करून झटकलं. काही पडलं नाही, रिपोर्टही नाही.

"येवढ्याच? एकनाथ, तू व्हतास ना संगती?"

हिराही वळून त्याच्याकडे बघू लागली. वत्सला बघत नव्हती. तिने मंगळसूत्र काढून मांडीवर ठेवलं होतं आणि गळ्यावरचे तीन डाग उन्हात उघडे होते. शेजारी मुक्ता बसली होती. सात वर्षांची. फिट सुरू होऊन झाली होती दोन.

"येवढ्याच दिल्या," एकनाथ म्हणाला, आणि पाटलांनी काडी मोडली.