नऊ गाण्यांची टेप

लेनिनग्राडात माझ्या गाण्यांची रेकॉर्ड काढायला कुणी धजेना. शेवटी एका मित्राच्या खोलीत, अंधारात दाटीवाटीनं बसलेल्या तीस माणसांसमोर मी गायलो आणि तोच माझा अल्बम झाला. उजेड म्हणाल तर टेपरेकॉर्डरच्या हिरव्या दिव्याचा. महिन्याभरात ती टेप घरोघरी पोचली आणि गुप्त पोलिसांच्या चौकशीच्या खोलीत, कॅप्टन रोदिओनोवच्या टेबलावरही. आता तो मला समोर बसवून ती वाजवत होता.

"वेनियामिन लाझारेविच, ही खोकणारी बाई कोण?"

"थंडीत सगळेच खोकतात, साहेब."

"आणि हा हसणारा?"

"गाणंच हसण्यासारखं आहे."

"नावं सांगा. नाहीतर पुढची मैफल सैबेरियात, अस्वलांसमोर."

एवढ्यात नववं, शेवटचं गाणं संपलं. कॅप्टनचा हात घाईघाईनं बटणाकडे गेला, पण उशीर झाला होता. टेपवर कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि एकदम थांबला.

मी पहिल्यांदाच मान वर केली.

"साहेब, हा माणूस आमचा नव्हे. हळू गायलेलं गाणं भिंतीपलीकडे जात नाही, टाळी जाते. म्हणून आमच्यात टाळ्या कुणीच वाजवत नाही. हा नवखा, तुम्हीच पाठवलेला. पण गाणं त्याच्या काळजाला भिडलं असणार, नाहीतर असा चुकला नसता."




कॅप्टननं टेबलावरचे आपले दोन्ही हात हळूच खाली घेतले.