गर्दीतलं प्रेत

सासूबाई पाल दिसली तरी घर डोक्यावर घ्यायच्या, पण झॉम्बींची ती मालिका त्यांनी एक दिवसही चुकवली नाही. सून बिचारी उशीआडून बघायची.

"आई, किळस नाही का हो येत?"

"घरच्या माणसाची कसली गं किळस?"

सासरे त्या मालिकेत गर्दीतलं प्रेत होते. माणसं कमी पडत, म्हणून एकच प्रेत दोन-तीनदा मारावं लागे. नायकाने गोळी घातली की सासरे आडवे व्हायचे, मागे जाऊन शर्ट बदलायचे आणि पाय ओढत पुन्हा गर्दीत शिरायचे. घरी आले की ऐटीत सांगायचे, "आज तीनदा मेलो. चहा टाक."

एक दिवस ते घरीच, खुर्चीत बसल्या बसल्या खरोखर गेले. नायक नाही, गोळी नाही. आधी चित्रित झालेले भाग मात्र रोज संध्याकाळी लागत राहिले, आणि सासूबाई रोज चष्मा पुसून टीव्हीसमोर बसत राहिल्या.

आज शेवटचा भाग होता. नायकाने गोळी घातली. निळ्या शर्टातले सासरे आडवे झाले.

"कसे डोकं सांभाळून पडले बघ," सासूबाई म्हणाल्या.

मग पडद्यावरून नावं सरकली, संपली, साबणाची जाहिरात लागली. सुनेने हळूच रिमोट उचलला.

"आई, संपली मालिका. बंद करू?"

"थांब गं जरा. त्यांना शर्ट बदलायला वेळ लागतो."